पीस लिली, बारा इंची कुंडी आणि रोजचा अर्धा तांब्या

झाड पीस लिलीचं, घरात सावलीत ठेवतात ते पांढऱ्या फुलांचं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका नव्या फ्लॅटची गुढीपाडव्याच्या सुमारास वास्तुशांत झाली. तेव्हा सूनबाईंच्या माहेरून एक मोठी पांढरी सिरॅमिकची कुंडी भेट आली आणि तिच्यात लावायला म्हणून नर्सरीतून हे झाड आणलं. नर्सरीत ते चार इंची काळ्या पिशवीत होतं. कुंडी बारा इंची, आतून-बाहेरून ग्लेझचा चकचकीत लेप दिलेली, खाली भोक नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून तळाशी दोन इंच खडी पसरली, वर विकतची माती भरली, मधोमध झाड बसवलं. जागा दिवाणखान्यात, उत्तरेच्या खिडकीपासून चार-पाच फुटांवर, टीव्हीच्या शेजारी.

एप्रिल-मे छान गेले. दोन फुलंही आली. जून संपता संपता खालची पानं पिवळी पडू लागली, मग काहींची टोकं काळी झाली, आणि जुलैत एक दिवस सगळं झाड कुंडीच्या काठावर लोळलं. कुंडीतल्या झाडांसाठी लोक मला बोलावतात, तसा इथूनही फोन आला. तेव्हा घरातल्या काकू, म्हणजे सूनबाईंच्या सासूबाई, म्हणाल्या, "अगं, रोज न चुकता पाणी घालते, तरी मान टाकतंय बघ."

पीस लिलीच्या बाबतीत फसगत होते ती इथेच. पाणी कमी पडलं की ती मान टाकते, आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरीही मान टाकते, कारण कुजलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत. वरून दोन्ही अवस्था एकसारख्या दिसतात. तहानलेलं झाड पाणी दिल्यावर काही तासांत उभं राहतं. काकूंनी पाणी घातलं, ते उभं राहिलं नाही, म्हणून त्यांनी आणखी घातलं. फरक ओळखायला सोपा उपाय आहे. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. इथे वरचा थर नुसता ओलसर होता, पण बोट आत गेलं की चिखल लागत होता आणि बोटाला साचलेल्या डबक्याचा वास येत होता. मातीजवळ हात नेला की चिलटांसारखे बारीक काळे किडेही उडत होते. कायम ओल्या राहणाऱ्या मातीत ते हमखास होतात.

काकूंची पाणी घालायची पद्धत मी मुद्दाम विचारून घेतली. सकाळी आंघोळ झाली की बाल्कनीतल्या तुळशीला पाणी, आणि तांब्यात उरलेलं अर्धं पाणी या झाडाला. तुळशीचं त्यात भलंच होतं. ती मातीच्या कुंडीत आहे, तिला ऊन लागतं, वारा लागतो, कुंडीला भोक आहे. तेच पाणी दिवाणखान्यातल्या बंद कुंडीत गेलं की जायला वाटच नाही.

मग एप्रिल-मे कसे गेले? पुण्यातला उन्हाळा कोरडा. खिडक्या उघड्या, पंखा दिवसभर, मातीच्या वरच्या थरातून बरंच पाणी उडून जात होतं. शिवाय खडीतल्या पोकळ्या भरायलाही वेळ लागला. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, खिडक्या बंद झाल्या, उडून जाणारं पाणी कमी झालं. अर्धा तांब्या मात्र तोच राहिला. झाड खरं तर मे महिन्यापासूनच आतून बुडत चाललं होतं. पानांनी ते सांगितलं जुलैत.

कुंडी उलटी केल्यावर

बारा इंची भरलेली कुंडी एकट्याने उचलत नाही. जमिनीवर गोणपाट पसरून, दोघींनी धरून ती आडवी केली. झाड सहज हातात आलं, आणि तेवढ्यावरूनच पुढचा अंदाज आला. निरोगी झाड कुंडीतून असं निसटत नाही.

मुळं तीन प्रकारची होती. वरच्या बाजूला थोडी पांढरट, घट्ट, चांगली. मधली तपकिरी आणि मऊ. ती चिमटीत धरून ओढली की वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो. कुजलेलं मूळ ओळखायची ही खात्रीची खूण. तळाकडे तर मुळं उरलीच नव्हती. आणि मधोमध, नर्सरीतून आलेला चिकट लाल मातीचा गोळा जसाच्या तसा होता. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बाहेरून, विशेषतः आंध्रातल्या कडियमकडून, ट्रकने बरीच रोपं येतात. प्रवासात मुळांभोवतीची माती सुटू नये म्हणून ती चिकट मातीत बांधलेली असतात. प्रवासासाठी ते ठीक आहे. घरात मात्र तो गोळा एकदा भिजला की लवकर सुकत नाही, आणि पूर्ण सुकला की पुन्हा भिजता भिजत नाही.

आता मापं बघा. मुळांचा गोळा जेमतेम एक लिटरचा. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तरी कुंडीत माती नऊ-दहा लिटर. म्हणजे दहातला एक भाग मुळांच्या ताब्यात आणि बाकीचा नऊ भाग नुसताच ओला राहणारा. कुंडीचं माप इंचात बोललं जातं, त्यामुळे सहा आणि बारा यांत दुपटीचाच फरक वाटतो. पण रुंदी दुप्पट, खोली दुप्पट केली की आत मावणारी माती आठपट होते. ही आठपट माती पाणी धरून बसते आणि ते प्यायला मुळं तेवढीच असतात. "मोठी कुंडी दिली की झाड मोठं होईल" हा समज मला बहुतेक घरांत भेटतो. बाहेर, उन्हात, जोमाने वाढणाऱ्या झाडाला तो काही अंशी चालून जातो. घरात, कमी उजेडात, झाड पाणीच सावकाश पितं. तिथे मोकळी माती हाच धोका असतो.

स्पंजचा प्रयोग

सूनबाईंचा प्रश्न रास्त होता. "ताई, पण खडी घातली होती ना? पाणी खाली उतरावं म्हणूनच घालतात ना ती?"

हा समज इतका पक्का बसलेला आहे की तोंडी सांगून पटत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला भांडी घासायचा नवा स्पंज मागवला. तो पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर सपाट, आडवा धरला. थोडं पाणी ठिबकलं आणि थांबलं. आता पाणी गळत नाही, म्हणजे स्पंज रिकामा झाला का? मग तोच स्पंज लांबीच्या बाजूने उभा धरला, आणि पुन्हा भराभर पाणी गळलं.

कुंडीतल्या मातीतही हेच होतं. पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, पण मातीच्या बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात. भोक असलं तरी तळाशी एक थर असा राहतो, जिथे पोकळ्यांत हवा नसते, फक्त पाणी असतं. हा थर किती उंच हे मातीच्या पोतावर ठरतं, कुंडीच्या आकारावर नाही. माती बारीक, चिकट असली की थर उंच. भरड, मोकळी असली की थर बुटका. एकच मिश्रण उंच कुंडीत भरा किंवा पसरट कुंडीत, चिंब थराची उंची तेवढीच. फक्त उंच कुंडीत त्याच्या वर मुळांना हवेशीर माती भरपूर मिळते, आणि पसरट, उथळ कुंडीत जवळपास सगळीच माती त्या थरात जाते. स्पंज उभा धरल्यावर पाणी गळलं ते यामुळे.

खडीने काय होतं? बारीक माती पाणी घट्ट धरते, खडीच्या मोठ्या पोकळ्या धरत नाहीत. त्यामुळे वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय पाणी खडीत उतरत नाही. चिंब थर तळाला राहण्याऐवजी खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. या कुंडीला तर भोकच नव्हतं. खाली उतरलेलं पाणी खडीत साचून सडलं आणि मग वर चढत गेलं. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा, जाळी किंवा नारळाच्या शेंड्या ठेवणं वेगळं, ते जरूर करावं. दोन-दोन इंच खडीचा थर मात्र कुंडीची उपयोगी खोली खाऊन टाकतो आणि बदल्यात काहीच देत नाही.

मुळं कुजतात ती पाण्याने नव्हे, हवेच्या अभावाने. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो, आणि तो पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, आणि अशा मुळांवर पायथियम, फायटोप्थोरा यांसारखे ओल्यात वाढणारे रोगजंतू चढतात.

यावर काकूंनी जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "मग शेजारणीकडे हेच झाड काचेच्या बरणीत नुसत्या पाण्यात आहे, ते कसं जगतं?" तेही खरंच आहे. पीस लिली पाण्यात जगते. पण पाण्यात फुटलेली मुळं त्या परिस्थितीला जुळवून घेऊनच वाढलेली असतात, आणि शेजारीण ते पाणी बदलते, त्यामुळे ताजा ऑक्सिजन मिळत राहतो. बंद कुंडीत शेणखत, जुनी मुळं, पालापाचोळा असं कुजणारं बरंच काही असतं. ते कुजताना पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजनही संपवतं. मातीत वाढलेली मुळं अशा चिखलात टिकत नाहीत. अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांत हे झाड झऱ्यांकाठच्या सावलीत वाढतं. ओलावा त्याला हवाच असतो, पण हवा खेळत असलेला ओलावा.

कुंडी कुणासाठी निवडायची

इथून पुढे खरा निर्णय होता. मुळं छाटून झाली, झाड बादलीत पाण्याखाली धुऊन लाल माती काढून टाकली. आता लावायचं कशात?

सूनबाईंचा आग्रह पांढऱ्या कुंडीचाच होता आणि तो मला पूर्ण मान्य होता. माहेरची भेट, दिवाणखान्यात शोभते, ती माळ्यावर टाकून द्यायची नव्हती. अशा वेळी नेहमीचा सल्ला ठरलेला असतो: झाड भोकाच्या प्लास्टिक कुंडीत लावा आणि ती शोभेच्या कुंडीत ठेवून द्या. हा सल्ला चांगलाच आहे, बहुतेक घरांत मीही तोच देते. प्लास्टिकची कुंडी हलकी, स्वस्त, मोरीत नेऊन भरपूर पाणी द्यायचं, निथळू द्यायचं, पुन्हा जागेवर. पण या घरात पाणी काकू घालतात, रोज घालतात, जागेवरच घालतात. कुंडी उचलून मोरीत नेणं त्यांच्या गुडघ्यांना जमणारं नाही. आतली कुंडी निथळली तरी पाणी बाहेरच्या कुंडीच्या तळाशी साचणार, ते वरून दिसणार नाही, आणि महिनाभरात पुन्हा तेच दुखणं.

त्यांना "रोज पाणी घालू नका" असं सांगता आलं असतं. आधी मुलाने सांगूनही झालं होतं. पण आंघोळीनंतर झाडांना पाणी घालणं हा त्यांच्या सकाळचा भाग आहे, त्यात त्यांचं मन आहे. मला ती सवय मोडावीशी वाटली नाही. माणसाची सवय बदलण्यापेक्षा कुंडी बदलणं सोपं, आणि झाडालाही त्यातच जास्त सुरक्षितता. कुंडी म्हणजे पाण्याचं वेळापत्रक. चकचकीत सिरॅमिक आणि प्लास्टिक पाणी धरून ठेवतात, म्हणजे विसराळू आणि सतत गावाला जाणाऱ्या माणसांच्या सोयीचे. भाजलेल्या मातीची, रंग न दिलेली कुंडी चहूबाजूंनी पाणी सोडते, म्हणजे ती रोज पाणी घालणाऱ्या हातांची. पीस लिलीला मातीची कुंडी अनेक जण सुचवत नाहीत, कारण ती लवकर सुकते. या घरात नेमकं तेच हवं होतं.

खालून पाणी ओढणाऱ्या, टाकीच्या कुंडीचाही विचार झाला. पीस लिलीला ती मानवते आणि चार दिवस गावाला जाणाऱ्यांची मोठी सोय होते. पण तिच्यात पाणी टाकीत भरायचं असतं. वरून रोज अर्धा तांब्या ओतला तर तिचा उपयोग उलटाच.

तेव्हा ठरली ती साधी मातीची, सहा इंची कुंडी. मुळं छाटल्यावर गोळा साधारण चार इंचांचा उरला होता. भोवती एकेक इंच मोकळी जागा पुरे. बाजारात "सहा इंची" म्हणजे तोंडाची रुंदी असते, तीही बहुधा काठासकट, म्हणून पट्टी आतून लावून बघायची. आकार उतरत्या भिंतींचा, तोंड सर्वांत रुंद. पोट सुटलेली, गळ्याला निमुळती कुंडी कितीही देखणी असली तरी पुढच्या वेळी झाड बाहेर काढताना एक तर कुंडी फोडावी लागते नाही तर मुळं. खोली रुंदीइतकी. पसरट नको, कारण स्पंज.

कसब्यातल्या कुंभारवाड्यातून कुंड्या आणल्या, तिथे निवड भरपूर असते. कुंडी हातात घेऊन बोटाच्या सांध्याने वाजवून बघावी. खणखणीत आवाज आला तर चांगली भाजलेली, भद्द वाजली तर तडा गेलेला असण्याची शक्यता. मग उलटी करून भोक बघावं. मातीच्या कुंडीचं भोक कधी अर्धवट बुजलेलं असतं, ते खिळ्याने मोकळं करून घ्यावं. प्लास्टिकच्या कुंड्यांचा घोळ वेगळाच. बऱ्याच कुंड्यांना खाली भोकांच्या जागी नुसत्या खुणा असतात, त्या गरम स्क्रू-ड्रायव्हरने आपणच पाडायच्या असतात, आणि लोक तशाच वापरतात. नवी मातीची कुंडी लावणीआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवली. नाही तर कोरडी भिंत पहिलं पाणी स्वतःच पिऊन टाकते.

मिश्रण अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव हिस्सा गांडूळखत, पाव हिस्सा पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). पर्लाइट मिळालं नाही तर भरड वाळू चालते, मात्र बांधकामाची वाळू स्वच्छ धुऊनच. पाण्यासाठी वर इंचभर काठ रिकामा ठेवला, आणि अर्ध्या तांब्याऐवजी काकूंना फुलपात्र दिलं. सवय तीच, माप लहान.

बशीचं मात्र काकूंना बजावून सांगितलं. मातीची कुंडी फरशीवर ओला डाग पाडते, त्यामुळे खाली ताटली लागते, आणि पुण्यात पावसाळ्यात ताटलीत पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतायची नाही, घासायची. अंडी काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. हे काम काकूंनी नातवाकडे सोपवलंय. नातवाची धाकटी बहीण अजून रांगते, म्हणून कुंडी जमिनीवरून उचलून भिंतीलगतच्या स्टुलावर ठेवली. पीस लिलीच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडात आग होते.

पांढऱ्या कुंडीचं काय झालं

टाइल्सच्या कामाला येणाऱ्या कारागिराकडून तिला तळाशी भोक पाडून घेतलं. काचेला वापरतात ते डायमंड बिट, ड्रिलचा ठोका बंद, वेग कमी आणि पाण्याची सतत धार. घाई केली तर सिरॅमिक तडकतं. हे काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं.

मग तिच्यात अरेका पाम आला. तो नर्सरीतून निवडतानाच दहा इंची कुंडीत वाढलेला, मुळांनी गोळा गच्च भरलेला असा घेतला. बारा इंची कुंडीत त्याला सगळीकडून एकेक इंच मिळाला. कुंडी मोठी होती ती या झाडासाठी बरोबर निघाली. ओल्या मातीसकट ती वीस किलोंच्या पुढे जाते, म्हणून खाली चाकांची फळी ठेवली आणि ती बाल्कनीच्या दाराशी, उजेडात नेली. तिला पाणी सूनबाई घालतात, बोट खुपसून बघून, आठवड्यातून एक-दोनदा. काकूंची कुंडी आणि सूनबाईंची कुंडी असे सरळ दोन विभाग झालेत, आणि मला वाटतं झाडांइतकाच घरालाही त्याचा उपयोग झाला.

पीस लिली लगेच सुधारली नाही. मुळं इतकी गेली होती की अर्ध्याहून जास्त पानं कापावी लागली, आणि ऑगस्टभर तिच्यात काहीच हालचाल दिसत नव्हती. या काळात खत घालायचा मोह होतो. तो आवरायला सांगितलं होतं, कारण जखमी मुळांना खत भाजतं. गणपतीनंतर मधून एक गुंडाळलेलं पान वर आलं, मग दुसरं. दिवाळीपर्यंत झाड लहान पण भरदार झालं. फूल अजून आलेलं नाही आणि टीव्हीच्या शेजारी ते येईलसं मला वाटत नाही. तिथे उजेडच कमी आहे, कुंडीने त्यावर इलाज होत नाही. खिडकीजवळ सरकवायला सुचवलंय.

कुंडीच्या बाहेरून पांढरी पूड दिसू लागलीय. काकूंना वाटलं बुरशी. ते पाण्यातले क्षार आहेत. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, ते कडक असतं, आणि मातीची भिंत पाणी सोडते तेव्हा क्षार मागे राहतात. ओल्या काथ्याने घासलं की जातात.

पुढची कुंडी कधी, हेही ठरवून ठेवलंय. खालच्या भोकातून मुळं डोकावू लागली, किंवा घातलेलं पाणी क्षणात खाली उतरू लागलं आणि झाड दुपारपर्यंत मान टाकू लागलं, की आठ इंची. ती थंडीत बदलायची नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढ सुरू होते तेव्हा. तीही मातीचीच, उभट, आणि पाणी काकूच घालत असतील तरच. ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं, तर कुंडी कुठली हा प्रश्न नव्याने सोडवावा लागेल.